लीजवाढीचा अर्ज एका दिवसाने उशिरा : भुर्दंड कोणी भरायचा?

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५
हॅरो, लंडन

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
लीजहोल्ड विभाग

विषय : फ्लॅटच्या लीजवाढीचा अर्ज मुदतीनंतर दाखल केल्याबद्दल नुकसानभरपाईची मागणी

महोदय,

आपल्या मराठी ग्राहक कक्षाशी सुरुवातीपासून मराठीतच बोलणे झाले, म्हणून हे पत्र मराठीत. इंग्रजी प्रत सोबत आहे.

आमच्या फ्लॅटची लीज (दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा) २९ सप्टेंबर २००६ पासून ९९ वर्षांची. गेल्या महिन्याच्या शेवटी ती ८० वर्षांच्या खाली गेली. ही तारीख, वकील म्हणून आपल्याकडे लीजवाढीचे काम सोपवतानाच, लेखी कळवली होती. ८० वर्षांपेक्षा जास्त मुदत शिल्लक असताना फ्रीहोल्डरला (मूळ मालकाला) लीजवाढीची नोटीस दिली, तर प्रीमियममध्ये, म्हणजे लीजवाढीसाठी त्याला द्यायच्या रकमेत, मॅरेज व्हॅल्यू (लीज वाढल्याने किमतीत होणारा फायदा) धरली जात नाही. एकदा ८० ची रेघ ओलांडली की या फायद्यातला निम्मा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. मूल्यांकन नोटीस दिल्याच्या तारखेचे धरतात, त्यामुळे १० जानेवारी २०२५ ला गेलेल्या नोटिशीने आम्ही सुरक्षित होतो. लीजहोल्डविषयीच्या १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ खालची ती नोटीस आपण बिनचूक तयार केली होती, हेही नमूद करतो.

घोळ पुढे झाला. फ्रीहोल्डरची काउंटर नोटीस (आमच्या नोटिशीला उत्तर) १२ मार्चला मिळाली. लीजवाढीचा आमचा हक्क त्यांनी मान्य केला, वाद उरला तो फक्त रकमेचा. आमच्या सर्व्हेअरचा आकडा १०,७०० पौंड, त्यांचा १६,८००. असा वाद राहिला तर काउंटर नोटिशीनंतर दोन महिने उलटल्यावर आणि सहा महिने संपण्यापूर्वी फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करावा लागतो. कलम ४८ मधले हे सहा महिने काउंटर नोटीस दिलेल्या दिवसापासून, तो दिवस धरून मोजायचे असतात. म्हणजे शेवटचा दिवस ११ सप्टेंबर. आपल्या फाइलवर मुदत '१२ सप्टेंबर' अशी लिहिलेली आहे आणि अर्जही १२ लाच गेला.

मुळात इतक्या शेवटाला जायचे कारणच नव्हते. अर्ज केल्याने वाटाघाटी थांबत नाहीत. म्हणूनच या कामात मुरलेले वकील चौथ्या-पाचव्या महिन्यातच अर्ज टाकून ठेवतात आणि बोलणी चालू ठेवतात. जूनमध्ये आम्ही ईमेलने हेच विचारले, तेव्हा 'समोरची बाजू सकारात्मक आहे, विनाकारण खर्च नको' असे उत्तर आले. समोरच्या बाजूने सकारात्मक राहून सप्टेंबर उजाडू दिला, यात नवल ते काय? वेळ सरण्यात फायदा त्यांचाच होता.

परिणाम असा. आमची नोटीस आता मागे घेतल्याचे कायद्यानेच धरले जाते आणि बारा महिने नवी देता येत नाही. पुढच्या सप्टेंबरात लीज ७९ वर्षांवर आलेली असेल. सर्व्हेअरच्या अंदाजाने मॅरेज व्हॅल्यूचा आमचा बोजा सुमारे ४,००० पौंड, आणि मुदत घटल्याने मूळ प्रीमियमही थोडा वाढेल तो वेगळा. शिवाय कलम ६० प्रमाणे वाया गेलेल्या नोटिशीपोटी फ्रीहोल्डरचा वकील आणि सर्व्हेअर यांचा वाजवी खर्च आमच्याच माथी. नव्या नोटिशीच्या वेळी तोच खर्च पुन्हा.

आपल्या २२ सप्टेंबरच्या उत्तरात दोन पर्याय सुचवले आहेत. पहिला, '२०२४ च्या नव्या लीजहोल्ड कायद्याने मॅरेज व्हॅल्यू रद्द होणार आहे, तोवर थांबा.' त्या कायद्याला २४ मे २०२४ रोजी राजमान्यता मिळाली, पण मॅरेज व्हॅल्यू रद्द करणारी आणि ९९० वर्षांची लीजवाढ देणारी कलमे आजपर्यंत लागू नाहीत. नोटिशीपूर्वी दोन वर्षे फ्लॅटची मालकी हवी ही अट तेवढी ३१ जानेवारी २०२५ पासून गेली, आणि आमचा त्या अटीशी संबंधच नव्हता. दुसरा पर्याय फ्रीहोल्डरशी आपसात करार. सोबतच्या मसुद्यात लीज एकूण १२५ वर्षे होते आणि जुनी मुदत संपेपर्यंत वर्षाला २०० पौंड ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचे जमीनभाडे) चालूच राहतो. कायद्याच्या वाटेने शिल्लक मुदतीवर ९० वर्षे मिळतात, म्हणजे जवळपास १७०, आणि भाडे तिथेच नाममात्र होते. हा मसुदा शिफारशीसह पाठवताना हा फरक एका ओळीनेही सांगितलेला नाही. याला सल्ला म्हणत नाहीत.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे : या कामाची घेतलेली पूर्ण फी परत करावी. पहिल्या नोटिशीपोटीचा फ्रीहोल्डरचा खर्च आपण भरावा. नवी नोटीस दिल्यावर ठरेल तो प्रीमियम आणि १० जानेवारीच्या मूल्यांकनाने झाला असता तो, यांतला फरक आपण सोसाल अशी लेखी हमी द्यावी. व्यावसायिक दायित्वाच्या विमा कंपनीला हा दावा लगेच कळवावा आणि कळवल्याचा पुरावा आम्हाला द्यावा. संपूर्ण फाइल १४ दिवसांत सुपूर्द करावी. त्यात नोटीस बजावल्याचा पुरावा, काउंटर नोटीस आणि ११ व १२ सप्टेंबरच्या अंतर्गत नोंदी हव्यातच.

तडजोडीच्या मसुद्यावर आमची सही होणार नाही, हे फ्रीहोल्डरच्या वकिलांना कृपया आजच कळवावे. आठ आठवड्यांत अंतिम लेखी उत्तर आले नाही, किंवा आले ते समाधानकारक नसले, तर प्रकरण लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेकडे) जाईल.

कळावे.

आपले ग्राहक,
फ्लॅटधारक पती-पत्नी

सोबत : लीजची प्रत, नोटीस, काउंटर नोटीस, जूनमधला ईमेल, सर्व्हेअरचा अहवाल, कराराचा मसुदा, पत्राची इंग्रजी प्रत