आखाडातले खेकडे: आधी दाभण, मग नांग्या

झुरिक

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर तू म्हणालीस, "खेकड्याला काय कळतंय?" कळतं गं. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला रॉबर्ट एलवूड या प्राणिशास्त्रज्ञांनी खेकड्यांना लपायला दोन अंधारे आडोसे दिले आणि एकात विजेचा हलका झटका ठेवला. दोन-तीनदा झटका बसल्यावर ते तो आडोसा टाळू लागले. इथे स्वित्झर्लंडमध्ये तर 1 मार्च 2018 पासून शेवंड बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला बंदी आहे.

आपल्या घरात खेकडा जिवंत उकळत नाहीत, पण चावू नये म्हणून जिवंतपणीच त्याच्या नांग्या मोडतात. माझ्या मते ते उकळण्याइतकंच वाईट. आधी मारायचा, मग मोडायचा.

त्र्यंबककडून येणारे काळे खेकडे आणल्यावर पाण्याच्या बादलीत ठेवू नका, साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो नि ते गुदमरतात. ओल्या गोणपाटात राहू दे. रांधायच्या वेळी तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग पाणी असा लगदा करून त्यात पूर्ण बुडव, निदान 20 मिनिटं. समुद्राची चिंबोरी असेल तर त्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ घाल, गोडं पाणी तिला सोसत नाही.

मग डोळ्याला काडी लावून बघ. डोळा आत ओढला, किंवा पोटावरची झडप उचलताना जोर लावला, तर तो अजून शुद्धीवर आहे. परत बर्फात. बर्फाने तो फक्त सुन्न होतो, मरत नाही. इथला कायदा तर नुसतं गार करणं पुरेसं धरतच नाही.

सुन्न झाला की ओल्या फडक्यावर उताणा ठेव. झडप उचललीस की खाली मधोमध बारीक खळगा दिसेल. तिथून दाभण सरळ खाली, पाठीच्या कवचाला टेकेपर्यंत. लगेच दुसरा टोचा पुढून, डोळ्यांच्या मधल्या खोलगट जागी, किंचित मागे तिरका. दोन्ही 10 सेकंदांत झाले पाहिजेत. दोन कशाला? मेंदू पुढे एवढासा, आणि पाय चालवणारी मज्जातंतूंची मोठी गाठ पोटात. एकच टोचलं तर दुसरी जिवंत राहते. नीट लागलं की पाय लुळे पडतात. थोडी थरथर राहिली तर घाबरू नकोस.

मारल्यावर थांबायचं नाही, खेकडा फार लवकर खराब होतो. कवच उघड, पिसांसारखे कल्ले आणि डोळ्यांमागची मातीची पिशवी काढून टाक. बारीक पाय वाटून गाळलेलं पाणी रश्श्यात घालतेस ना, ते उकळताना त्यात गुठळ्या दिसतील. फाटलेलं नसतं ते. फक्त कच्चं चाखू नकोस: गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाच्या जंताची अळी असू शकते. रस्सा 15 मिनिटं खळखळू दे आणि मिक्सरचं भांडं, हात साबणाने धू.

दादाला सांग, घेतानाच पोटाची झडप उचलून बघ. रुंद, गोल झडपेखाली बारकी पिल्लं चिकटलेली असतील तर ती खेकडी घेऊ नकोस.

तुझा,
बाळू