बेअरिंग फेकण्याआधी उघडून बघ

सातारा,
गोकुळाष्टमी

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार. गाडी सुरू केली की पुढून किरकिरते आणि बेल्ट बदलायला सांगितलाय, असं तू फोनवर म्हणालास. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बेल्टवर इतक्यात पैसे घालू नकोस. इंजिन चालू ठेवून बेल्टवर लांबूनच थोडं पाणी शिंपड. आवाज क्षणभर बदलला तर बेल्ट. काहीच फरक पडला नाही तर गाडी बंद कर, थंड होऊ दे, बेल्ट उतरव आणि एकेक पुली हातानं फिरव. आतल्या बेअरिंगमधलं ग्रीस शाबूत असलेली पुली जराशी जड फिरते आणि लगेच थांबते. सुकलेली मात्र भिंगरीसारखी फिरत राहते, खरखर बोटांना लागते. ती मोकळी फिरते म्हणून चांगली, असं समजू नकोस.

माझी गाडी गेल्या महिन्यात यवतेश्वरचा घाट चढताना शिट्टी घालायला लागली. निघाली आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी चाकी. दुकानात बेअरिंग सुटं मिळेना, अख्खी पुलीच घ्या म्हणाले, तीही चार दिवसांनी. आईला तर दुसऱ्या दिवशी पुण्याला दवाखान्यात न्यायचं होतं. खंबाटकीत बेल्ट गेला असता तर चार्जिंग आणि पॉवर स्टिअरिंगची मदत दोन्ही गेलं असतं, कदाचित पाण्याचा पंपही. म्हणून रात्री पडवीत दिवा लावून बसलो.

बेअरिंगवर 6203 आणि 2RS असं कोरलेलं होतं. म्हणजे आतलं भोक 17 मिमी, बाहेरून 40, जाडी 12 आणि दोन्ही बाजूंना रबरी सील. शिवणाची बारीक सुई आतल्या कडेनं सरकवली आणि सील हळूच वर उचललं. घाई केलीस तर त्याची ओठासारखी कड दुमडते आणि मग धूळ आत जायला वाट मोकळी. आत बघितलं तर ग्रीस कंदी पेढ्याच्या खव्यासारखं तांबूस, खरपूस भाजलेलं. तेल उडून गेलं होतं, नुसता चोथा उरला होता. सीलबंद म्हणजे जन्मभराची सोय, असं आपण धरून चालतो. पण इंजिनच्या धगीत वर्षानुवर्षं राहिल्यावर कंपनीनं भरलेलं ग्रीसही सुकतंच.

जुनं ग्रीस पुरतं धुऊन काढ, कारण कंपनीच्या ग्रीसला घट्टपणा बऱ्याचदा पॉलियुरियाचा असतो आणि आपल्याकडच्याला लिथियमचा. दोन्ही मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात. मी डिझेलमध्ये ब्रशनं तीनदा धुतलं, सील मात्र साबणाच्या पाण्यानं. वाळवताना हवा मारून बेअरिंग गरागरा फिरवू नकोस, कोरडे छर्रे रेसवर, म्हणजे ते ज्या कड्यांवर धावतात त्यांवर, घासतात. मग उजेडात धरून छर्रे आणि रेस नीट बघ. एक जरी खड्डा दिसला किंवा निळसर झाक आली असेल, तर ग्रीस भरून उपयोग नाही, नवीनच टाक. माझं आरशासारखं होतं.

ग्रीस उष्णता सोसणारं, लिथियम कॉम्प्लेक्सचं घे. बोटानं छर्‍यांच्या मधे दाबत जा, पण आतल्या मोकळ्या जागेच्या एक तृतीयांशच. ठासून भरलं की ते आतल्या आत घुसळून तापतं आणि सील ढकलून बाहेर येतं. इथे हात आखडता घ्यायलाच हवा.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी ऐक. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या बेल्टच्या, पुलीला हे अजिबात करू नकोस. तो बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथे नवीनच हवं. आणि ज्या बेअरिंगांना रबराऐवजी पत्र्याची झाकणं असतात, ती काढताना वाकतात. त्यांच्याही नादी लागू नकोस.

पहाटे चारला पुली बसवली, सहाला आईला घेऊन निघालो. घाटात खिडकी खाली करून कान देऊन होतो. फक्त पावसाचा आवाज.

नवी पुली आली आहे, ती दिवाळीआधी बसवणार. तुझी पुली उतरवलीस की सुईसकट सांगलीहून थेट इकडेच ये. ग्रीसचा डबा अर्धा शिल्लक आहे.

काकूंना नमस्कार.

तुझाच