मामांनी अजून नाही म्हटलेलं नाही

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दोस्ता,

इतके महिने पत्र नाही म्हणून ज्या शिव्या घातल्यास त्या पावल्या. बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा तसाच, बाकी ठीक. फोनवर तू मध्येच तोडतोस आणि हे मला सलग सांगायचंय, म्हणून लिहितोय.

आपला बारक्या रॅपर झालाय. हसू नकोस, मीही आधी हसलोच. हिंडलग्याच्या जेलमधून सुटल्यावर त्याला कुणी कामाला ठेवेना, म्हणून वडगावात भावाच्या मागावर बसायचा. तिथंच मोबाइलवर मागाचा खटखटाट रेकॉर्ड केला, त्याखाली बेस घातला आणि वर आपल्या बेळगावी मराठीत, मधूनमधून कानडी शिव्या पेरत, म्हणायला लागला. नावं ठेवायला म्हणूनच मी ऐकायला घेतलं. पण चांगलं आहे रे! धोटा आपटतो त्याच ठोक्यावर यमक पडतं, आणि तिसऱ्या कडव्यात सूत तुटून माग थांबावा तसा तो एकदम गप्प होतो. दोन ठोके रिकामे. मग पुन्हा खट्. दहावीला मराठीत नापास झालेल्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल?

पोलिसांतलं त्याचं रौडी शीट, म्हणजे सराईत गुंड म्हणून नोंद, अजून उघडंच आहे. गणपतीच्या आधी ठाण्यात परेडला बोलावतात, तर हा बाहेर येऊन तिथंच रील करतो आणि कॉलेजची पोरं सेल्फीला थांबलेली असतात. शीट बंद करा म्हणून अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतलाय, आणि चॅनेलवर पाटी 'रौडी'ची! मी म्हटलं, दोन्ही कसं चालेल? तर म्हणतो, "वकीलसाब, गुंड म्हटलं की बघूलालेत, सुधारलो म्हटलं की पुढं सरकवूलालेत." यूट्यूबचे जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघणं लागतं, ते त्यानं कधीच ओलांडलंय. तडीपारीवरचं गाणं तर तू ऐकच. जिल्ह्याबाहेर काढल्यावर महाराष्ट्रात, चंदगडला मावशीकडे राहिला होता ना? 1956 पासून आख्खा सीमाभाग महाराष्ट्रात जायचं म्हणून घसा फोडतोय, बारक्याला सरकारनं हुकूम काढून घालवलं. एकीकरण समितीच्या म्हाताऱ्यांनासुद्धा हसू आवरेना.

आता खरं सांगतो. त्याचे किस्से संपत आलेत. उरलेला मोठा एकच, तो आपला. तुझ्या मामांच्या दुकानातली ती रात्र.

गाणं अर्धं झालंय, मला ऐकवलं. मामांचं नाव नाही, पण करंगळी आहे. शटर अर्धं ओढलेलं आहे, गल्ल्यावरची उदबत्ती आहे. मी म्हटलं, हे काढ. त्यानं लगेच फिफ्टी सेंट काढला, तो अमेरिकन रॅपर. त्याला 2000 साली न्यूयॉर्कात नऊ गोळ्या लागल्या, त्यावर त्याचं नाव झालं, मग मी का नाही? अरे, तो स्वतःला लागलेल्या गोळ्या सांगतो. तू दुसऱ्याला मारलेला सुरा सांगूलालास! त्यावर गप्प बसला. पण गाणं काढलं नाही.

कायद्यानं अडवता येईल का ते मीही बघून ठेवलं. गुन्ह्याच्या गोष्टी विकून गुन्हेगारानं कमवू नये म्हणून न्यूयॉर्क राज्यानं 1977 साली कायदा केला होता, तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1991 ला उडवला. बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून. वकील म्हणून मला तो निकाल पटतो. मामांच्या समोर बसलं की पटत नाही. आणि आता लगेच "तेव्हाच तडजोड केली असती तर" असं लिहू नकोस. 326 ला, म्हणजे हत्यारानं गंभीर दुखापत केल्याच्या त्या जुन्या आयपीसी कलमाला, तडजोड नसते हे तेव्हाही सांगितलं होतं, तू वर्षभर बोलला नाहीस माझ्याशी.

मामांना मी सांगायला गेलो, तर नातवानं आधीच सगळं दाखवलेलं. त्यातल्या एका मुलाखतीत बारक्यानं दुकान शहापुरात सांगितलंय. मामा म्हणाले, "खडेबाजारात आहे म्हणावं. निदान पत्ता तरी नीट सांगू दे." मग डाव्या हातानं कप उचलून चहा प्याले. उजव्या हाताची करंगळी अजून वळत नाही.

आता बारक्याला मामांना शेजारी बसवून कॅमेऱ्यासमोर माफी मागायचीय. खरी मागेल, मला शंका नाही, रडेलही. पण ती माफी किती लोकांनी बघितली हे तो रात्री मोजणार, तेही मला माहीत आहे. माफीच मागायची तर दुकानात येऊन, मोबाइल खिशात ठेवून मागता येत नाही का? आजवर एकदाही पायरी चढलेला नाही. आणि मामांनी अजून नाही म्हटलेलं नाही. "बघू" म्हणालेत, आणि मामांचं बघू म्हणजे काय ते तुला ठाऊक.

येत्या रविवारी शूटिंग आहे म्हणे. त्याआधी त्यांना फोन कर. बसू नका असं माझं मत, पण ते माझं ऐकणार नाहीत, भाच्याचं ऐकतील. तुझा फोन झाला की बारक्याला मी बघतो.

बढतीबद्दल अभिनंदन, पार्टी राहिली. वहिनींना नमस्कार, लेकीच्या ॲडमिशनचं काय झालं ते कळव. पुण्याला कुणी येणार असेल तर कुंदा पाठवतो.

तुझाच,
वकील