पोरांचे फोटो छापले, आता शाळेच्या पैशाचंही पाहा

संपादक साहेब, एनएमएमएस (आठवीतल्या गरीब, हुशार पोरांची केंद्र सरकारची परीक्षा) शिष्यवृत्तीत आलेल्या झेडपी शाळेच्या पोरांचे फोटो परवा तुमच्या पेपरात पाहिले, लय बरं वाटलं, त्यात आमच्या गावची एक पोरगी आहे, बाप कास्तकार, ट्युशन वगैरे काही नाही.

पण हिशोब पाहा. तिला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतील, आणि तिच्या अख्ख्या शाळेला, पट ३० च्या आत म्हणून, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं अनुदान १०,०००! १०० वर पट गेला तर ५०,०००. म्हणजे पैसा डोकी मोजून येतो, पण कवेलू फुटले तर ते काही पट पाहून फुटत नाहीत, लाइट बिल, संडासाची साफसफाई, खडू, प्रिंटरची शाई सगळं लहान शाळेलाही लागतेच. आमच्या शाळेत मागच्या पावसाळ्यात दोन वर्ग एकाच खोलीत बसवले, बोअरची मोटर गावानं वर्गणी करून भरून आणली (सोयाबीनचे पैसे हाती यायचे होते तरी लोकांनी दिले).

आता मार्चमध्ये जिल्हा परिषदेचं बजेट आहे. सेस फंडातून (झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातून) ३० च्या आत पट असलेल्या शाळांसाठी दुरुस्तीचा वेगळा हेड ठेवा, पटाशी न जोडता, एवढंच म्हणणं आहे. सत्काराचे हार-शाल नाही आणले तरी चालते, पोरीच्या बापानंही हेच म्हटलं.

– एक पालक, ता. आर्णी, जि. यवतमाळ