तिथी आणि तारीख

नागपूर, गुरुवार दुपार

चि. निनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "वर्ष नाही झालं आणि बापाला विसरलास" असं तोंडातून गेलं आणि तू गप्प झालास. तुझं गप्प होणं अगदी बाबांसारखं, समोरच्याला आणखी बोलायला लावणारं. मग मी आणखी बोलले. बाबांच्या वर्षश्राद्धाला वर्ध्याचे काका पाटावर बसले होते, गुरुजी घड्याळ पाहून राहिले होते, कढईत वडे काळे होत होते आणि मी ओट्याशी उभी राहून तुला झापत होते.

तू एवढंच म्हणालास, "आई, मी २५ तारीख धरून बसलो होतो, रजाही टाकली आहे." ते मी ऐकूनच घेतलं नाही. तिथी सरकते. नेहमीच्या वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते, अधिक महिना मध्ये आला तर उलट पुढे जाते. आषाढ वद्य पंचमी यंदा १५ ला आली. तुझ्या फोनमध्ये ती कशाला दिसेल? आणि खरं सांगू, मी मुद्दाम आठवण केली नाही. म्हटलं पाहू, आपणहून येतो का. आईनं पोराची अशी परीक्षा घ्यावी का रे?

३१ वर्षं अकरावी-बारावीला मानसशास्त्रातला विस्मरणाचा धडा शिकवला मी. आठवण बरेचदा गेलेली नसते, तिला हाक मारणारं काही समोर नसतं. गॉडन आणि बॅडली या दोघांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला लावले, काही काठावर. पाण्याखालचे शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. हे सांगताना मी आपल्या फुटाळा तलावाचं उदाहरण द्यायची, की मागच्या बाकावरून हमखास यायचं, "मॅडम, फुटाळ्यात शब्द नाही, गाळ भेटते." इथे भिंतीवर अजून मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे, त्यावर बाबांच्या अक्षरात दुधाचे खाडे. पहिला पाऊस पडला की मला तो दवाखान्याचा जिना आठवतो. तुझ्या बंगळुरात यातलं काय आहे? काचेची इमारत आणि एसी.

बरं, झोपतोस ना? हे लिहायचं नव्हतं, पण शनिवारी माझ्या मेसेजला निळ्या टिका रात्री दोन चाळीसला आल्या. मी जागी होते म्हणून दिसलं. माझं सोड, माझं वय झालं. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली. पाठ करून झोपले तेव्हा कमी विसरले, जागे राहिले तेव्हा जास्त. आता मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी लिहून राहिली आहे. माफ कर.

माझंच पाहा. बँकेच्या कार्डाचा नवा पिन तू लावून दिलास, आणि मी मशीनसमोर बाबांच्या कार्डाचाच दाबते. तीनदा दाबला, कार्ड बंद पडलं. जुनं नव्याला आडवं येतं, व्यत्यय म्हणतात त्याला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काकू, लिहून ठेवत जा. मी त्याला व्यत्यय काय समजावणार!

आणि एक. त्या संध्याकाळी बाबांच्या अंगात निळ्या चौकडीचा शर्ट होता, हे मी वर्षभर सगळ्यांना सांगत आले. परवा काकांना कागद हवे होते म्हणून ती दवाखान्यातली पिशवी पहिल्यांदा उघडली. आत पांढरा शर्ट निघाला. वरचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं, कारण पांढरा दोरा संपला होता. ते मीच लावलं होतं, त्याच सकाळी. बार्टलेटनं १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की आठवण आपण दरवेळी नव्यानं बांधतो. मुलांकडून ते पाठ करून घ्यायची मी. पण निळा शर्ट अजून डोळ्यांसमोरून जात नाही, आणि तुला मात्र विसरलास म्हणते.

फ्रॉइड म्हणायचा, जे सोसत नाही ते मन दडपतं. याला पुरावा कच्चा आहे, असं मीच वर्गात सांगायचे. तरी मनात येतं, तुझंही तसंच काही असेल का? तेरवीला शेवटची पंगत उठेपर्यंत तू वाढत होतास, एकदाही बसला नाहीस. काका अजून सांगतात सगळ्यांना, पोरगा असावा तर असा. मला तेव्हा अभिमान वाटला. आता वाटतं, तू बसायला हवं होतंस, रडायला हवं होतंस.

बाबाही म्हणायचे, मला चार तास झोप पुरते. मार्चअखेरीला तर तीनच. मी कधी भांडले नाही त्यावरून. तुझ्याशी मात्र भांडते. पुढच्या फोनवर झोपेचा विषय काढणार नाही. तू आपणहून सांगितलंस तर ऐकेन.

२५ ला ये. गुरुजी म्हणतात तारखेला काही करायचं नसतं, नसू दे. कोथिंबिरीच्या सांबारवडीचे हे दिवस नाहीत, पण गोकुळपेठेत बरा सांबार भेटला तर करते. संत्रा बर्फी शेजारच्या मुलीबरोबर पाठवते आहे, ती रविवारी तिकडे येते. हे पत्रही तिच्याचकडे देते.

तुझी,
आई

ता. क. नवा पिन पुन्हा सांग. फोनवर नको, आल्यावर.