तक्रार : लिफ्ट बंद असल्याचं हॉटेलने कळवलं होतं, तुम्ही आम्हाला कळवलं नाही

रत्नागिरी
दि. ६ फेब्रुवारी २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (परदेश सहली),
पुणे कार्यालय

विषय : अलेक्झांड्रिया (इजिप्त) येथील मुक्कामाबाबत चुकीची माहिती देणे, हॉटेलने पाठवलेली सूचना ग्राहकापर्यंत न पोचवणे, आणि आपले २९ जानेवारीचे उत्तर

महोदय,

आपलं २९ जानेवारीचं उत्तर मिळालं. त्यात "संबंधित हॉटेलमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल" दिलगिरी आहे आणि हे हॉटेल यादीतून काढून टाकत असल्याचं कळवलं आहे. शेवटी, किफायतशीर श्रेणीत काही मर्यादा गृहीत धराव्या लागतात, असंही एक वाक्य आहे. माझी तक्रार हॉटेलबद्दल नव्हतीच, ती आपल्या कार्यालयाबद्दल होती. फोनवर ती नीट पोचली नाही असं दिसतं, म्हणून आता सगळं लेखी देते आहे.

साधं हॉटेल आम्ही मुद्दाम मागितलं होतं. माझे यजमान जहाजावर इंजिन रूममध्ये होते. १९७९ साली अलेक्झांड्रियाला बोट धरायची होती, ती यायला उशीर झाला आणि कंपनीने त्यांना शहराच्या मधोमध अशाच एका जुन्या इमारतीतल्या हॉटेलात आठ दिवस ठेवलं. खाली दुकानं, वर हॉटेल, जाळीच्या पिंजऱ्यासारखी लिफ्ट, खिडकीतून बंदर. हे वर्णन मी आमच्या लग्नापासून ऐकत आले आहे. आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना तो समुद्र पुन्हा एकदा बघायचा होता. समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलांची नावं आपल्या प्रतिनिधीने सुचवली तेव्हा मीच नको म्हटलं. पलंग साधा, न्याहारी साधी, न्हाणीघर जुनं, हे सगळं मान्य करून ९ ऑक्टोबरला मी चार रात्रींचे ३१,२०० रुपये भरले.

एकच अट घातली होती, आणि ती आपल्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर माझ्या अक्षरात आहे : "यजमानांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. जिने चढता येत नाहीत. लिफ्ट चालू असेल तरच खोली घ्यावी." आपल्या प्रतिनिधीने त्याखाली लिफ्ट असल्याची खूण करून सही केली आहे.

१४ जानेवारीला आम्ही कैरोहून रेल्वेने निघालो. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, "स्टेशनवर उतरल्यावर हॉटेल समोरच, चालत दोन मिनिटं." म्हणून गाडी सांगितली नव्हती. शेवटच्या स्टेशनवर, म्हणजे मस्र स्टेशनवर उतरलो, तर पाऊस पडत होता. हॉटेलचा कागद दाखवत चौघांना विचारलं. चौघांनीही मान हलवून समुद्राच्या दिशेला हात केला. ज्या स्टेशनासमोर हॉटेल आहे ते रेल्वेचं नाहीच. ते महत्तत अर-रम्ल, रम्ल ट्रामचं शेवटचं स्टेशन. रम्ल म्हणजे वाळू. १८६३ पासूनची ही ट्राम, अलेक्झांड्रियात नुसतं "रम्ल" म्हटलं की शेंबडं पोरही तिकडे बोट दाखवेल. रेल्वे स्टेशनापासून ते दीडएक किलोमीटर लांब आहे. शहराचा नकाशा एकदा उघडला असता तरी ही चूक टळली असती. दोन बॅगा, एक काठी आणि पाऊस अशा अवस्थेत आम्ही पाव तास चाललो आणि मग एक काळी-पिवळी टॅक्सी मिळाली.

पावसाबद्दलही सांगते. आपल्या पुस्तिकेत "इजिप्तमध्ये जानेवारीत कोरडी, आल्हाददायक हवा, छत्रीची गरज नाही" असं छापलं आहे. ते लक्सरला, अस्वानला लागू असेल. अलेक्झांड्रिया भूमध्य समुद्रावर आहे, तिथला पाऊस हिवाळ्यातच पडतो. तिथल्या लोकांनी हिवाळ्यातल्या वादळांना नावं ठेवलेली आहेत. नोव्हेंबरातलं ते मकनसा, म्हणजे केरसुणी, आणि जानेवारीच्या मध्यावरचं अल-फयदा अल-कुब्रा, म्हणजे थोरला पूर. हॉटेलच्या व्यवस्थापकांनी हे सांगितलं तेव्हा यजमानांचा चेहरा उजळला. आपल्याकडे मृग, आर्द्रा, हत्ती म्हणतात तसंच हे, असं ते मला म्हणाले. नावं घेऊन वाट बघण्याइतकी ठरलेली ही वादळं. ऐन त्याच आठवड्यात माणसं पाठवायची, तर निदान रेनकोट घ्या एवढं तरी सांगायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. टॅक्सीवाल्याने दाराशी सोडलं. आत गेलो तर लिफ्टच्या जाळीला साखळी आणि अरबीत लिहिलेला पुठ्ठा. हॉटेल चौथ्या मजल्यावर. जुन्या इमारती, उंच छतं, एका मजल्याला तेवीस पायऱ्या. दारातल्या सहा धरून अठ्ठ्याण्णव. मी मोजल्या, कारण चढताना प्रत्येक दहा पायऱ्यांवर आम्ही थांबत होतो. आपल्या पुस्तिकेत कोम अल-शुकाफाच्या भुयारी थडग्यांचं वर्णन करताना "गोल जिन्याच्या ९९ पायऱ्या, वयस्कर प्रवाशांनी काळजी घ्यावी" असं आवर्जून छापलं आहे. तिथे आम्ही अर्धा तास जाणार होतो. जिथे चार रात्री राहायचं होतं, तिथल्या पायऱ्यांची काळजी मात्र आपल्याला वाटली नाही.

मी आपल्या "चोवीस तास मदत" क्रमांकावर फोन लावला. रविवार होता. तिथे दुपारचे चार, म्हणजे आपल्याकडे साडेसात. कार्यालय उघडल्यावर संपर्क करा, असं ध्वनिमुद्रण वाजत राहिलं. इजिप्तमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारची असते, रविवारी तिथे सगळे व्यवहार चालू असतात. चोवीस तासांच्या मदतीचे पैसे आपण पॅकेजमध्ये धरता, तेव्हा रविवारी फोन उचलायला माणूस हवा.

यजमानांना चौथ्या मजल्यावर पोचायला पंचेचाळीस मिनिटं लागली. ती पंचेचाळीस मिनिटं मला आपल्याला नीट सांगायची आहेत. इमारतीचा राखणदार, त्याला तिथे बव्वाब म्हणतात, तो साठीच्या पुढचा माणूस. त्याने आमच्या दोन्ही बॅगा एका खेपेत वर नेल्या आणि येताना वरून एक लाकडी खुर्ची आणली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती ठेवली. यजमान बसले. उठले की तो खुर्ची उचलून पुढच्या वळणावर नेऊन ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. आम्हाला अरबी येत नव्हतं, त्याला दुसरं काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या चारही वळणांवर एकेक खुर्ची मांडलेली होती आणि आम्ही निघेपर्यंत ती तिथेच होती. ज्या हॉटेलला आपण यादीतून काढताय, ते हे हॉटेल.

वर गेल्यावर मी रागाने व्यवस्थापकांना बोलले, याचं मला आता वाईट वाटतं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. २७ नोव्हेंबरला त्यांनी आपल्या कार्यालयाला ईमेल पाठवलेली आहे. लिफ्ट १ डिसेंबरपासून बंद राहील, सुटा भाग कधी येईल सांगता येत नाही, तुमच्या पाहुण्यांना जिना चढणं शक्य नसेल तर पैसे न कापता आरक्षण रद्द करू, किंवा जवळच ओळखीच्या जागी पहिल्या मजल्यावर सोय करून देऊ. एवढं स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच दिवशी आपल्या कार्यालयाचं उत्तर गेलं : "नोंद घेतली, धन्यवाद."

महोदय, मी एकतीस वर्षं तहसील कार्यालयात आवक-जावक विभागात काम केलं. आलेला कागद नोंदवायचा आणि ज्याचा आहे त्याच्या टेबलावर पोचवायचा, एवढंच ते काम. पण कागद पोचला नाही तर कुणाची पेन्शन अडते, कुणाच्या जमिनीचा निकाल फिरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "नोंद घेतली" असं लिहिणाऱ्याने नोंद घेतली असती, तर सत्तेचाळीस दिवस हातात होते. एका फोनचं काम होतं. तो फोन झाला नाही, आणि आता आपण म्हणता की हॉटेलमुळे गैरसोय झाली.

दुसरी गोष्ट खोलीची. माझ्या पावतीवर "सागरदर्शनी खोली" आहे. आम्हाला मिळालेली खोली इमारतीच्या आतल्या बोळकांडीवर उघडत होती. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचे पाइप दिसायचे. व्यवस्थापकांनी आरक्षणाचा कागद दाखवला. त्यावर आपणच "आतली खोली" मागितलेली आहे आणि पैसेही तिचेच पाठवले आहेत. हॉटेलच्या दरपत्रकाप्रमाणे दोन्हींत एका रात्रीला साधारण २,४०० रुपयांचा फरक पडतो. तो मी भरला, तो अलेक्झांड्रियाला पोचला नाही. यजमान पंचेचाळीस वर्षांनी बंदर बघायला आलेत, हे कळल्यावर व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी समोरची खोली रिकामी होताच आम्हाला तिथे हलवलं आणि एक पैसाही जास्त घेतला नाही.

त्या खोलीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लाकडी झडपा वाऱ्याने रात्रभर वाजत होत्या, काचांवर खाऱ्या पाण्याची पुटं चढली होती, गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढंच. पण पूर्वेकडचं जुनं बंदर सबंध समोर होतं. पलीकडच्या टोकाला कायतबेचा किल्ला, पंधराव्या शतकातला, प्राचीन दीपस्तंभाच्या जागेवर बांधलेला. लाटा कठड्यावरून कॉर्निशच्या रस्त्यावर येत होत्या. न्याहारीला रोज फूल यायचं, म्हणजे वालासारख्या जाड दाण्यांची तेल-जिरं घातलेली मऊ उसळ, उकडलेलं अंडं, पांढरं चीज आणि गरम ऐश. भाकरीसारख्या त्या पावाला तिथे ऐश म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच जगणं असा आहे. यजमानांना खाली जेवणघरात यायला नको म्हणून चारही दिवस ताट खोलीत आणून दिलं.

पण चार दिवसांत ते फक्त एकदा खाली उतरू शकले. पहिल्या चढणीनंतर रात्री गुडघा सुजला. १५ तारखेची कायतबे आणि कोम अल-शुकाफाची अर्ध्या दिवसाची सहल, जिचे ६,८०० रुपये आपण आधीच घेतले होते, ती आम्हाला सोडावी लागली. सकाळी आठला मी आपल्याला तसं कळवलं. तरी आपल्या हिशेबात "प्रवासी अनुपस्थित, परतावा नाही" असा शेरा आहे. आम्ही अनुपस्थित नव्हतो. चौथ्या मजल्यावर होतो, आणि तिथे का अडकलो हे आपल्याला माहीत होतं. १७ तारखेला पाऊस थांबल्यावर बव्वाबाने आणि व्यवस्थापकांनी दोन बाजूंनी धरून त्यांना खाली आणलं, टॅक्सीने पश्चिमेकडच्या व्यापारी बंदरापर्यंत जाऊन आलो. आत सोडत नाहीत. कुंपणापलीकडून क्रेन आणि दोन बोटींची धुराडी दिसली. ते अर्धा तास बघत उभे राहिले. एवढ्यासाठी आम्ही गेलो होतो आणि एवढंच पदरात पडलं.

आता मागणी. न झालेल्या सहलीचे ६,८०० रुपये आणि पहिल्या रात्रीच्या खोलीचा फरक २,४०० रुपये मला परत करावा. उरलेल्या तीन रात्रींचे ७,२०० रुपये हॉटेलला पाठवावेत, कारण समुद्राकडची खोली त्यांनी आतल्या खोलीच्या भावात दिली. ते पैसे त्यांचे आहेत, आपले नाहीत आणि माझेही नाहीत. रत्नागिरीला परतल्यावर झालेल्या डॉक्टर आणि फिजिओथेरपीच्या ५,३०० रुपयांच्या पावत्या जोडल्या आहेत, तो खर्चही द्यावा. पुस्तिकेत रम्लचं स्टेशन आणि रेल्वेचं स्टेशन वेगळं दाखवावं, हवामानाची ओळ दुरुस्त करावी. २७ नोव्हेंबरची ईमेल कुणाकडे आली आणि तिथेच का थांबली, हे मला नावानिशी नको, पण लेखी हवं आहे.

आणि हॉटेलला यादीतून काढण्याचा निर्णय मागे घ्यावा. माझ्या तक्रारीचं कारण दाखवून तो घेतलेला आहे, आणि माझी तशी तक्रार नाही. वाटल्यास "लिफ्ट चालू झाल्याशिवाय वृद्धांना पाठवू नये" एवढी टीप घाला, ती खरी आहे. आपण मागे घेतल्याचं त्यांना कळवावं आणि त्याची प्रत मला द्यावी. या पत्राचा इंग्रजी गोषवारा मी स्वतः त्यांना पाठवला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणं येतं. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी पुण्याला यावं लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मी चौकशी केलेली आहे. तशी वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण यजमानांना आता आणखी कुठल्या कचेरीचे जिने चढायला लावायचे नाहीत. पण पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी एकटी जाईन.

सोबत : पावती, अर्जाच्या दुसऱ्या पानाची प्रत, हॉटेलची २७ नोव्हेंबरची ईमेल व आपले उत्तर, आरक्षणाचा कागद, लिफ्टच्या जाळीचे छायाचित्र, औषधोपचाराच्या पावत्या.

आपली,
(स्वाक्षरी)
आरक्षण अर्जावरील प्रथम प्रवासी