फिस्टुलाला कान लावणाऱ्या मुलास

प्रिय बाब,

तुझं नाव इथे लिहीत नाही. तू कामाला होतास त्या डायलिसिस युनिटमध्ये कुणी आभार मानले की तू खाली मान घालून उगीच सलाईनचा स्टँड सरळ करत बसायचास, हे मी पाहिलंय. पण नोकरीसाठी तू गोवा सोडलास तेव्हा निरोपाला मला धड दोन शब्द सुचले नाहीत, आणि तुझी निळी वही अजून माझ्याकडेच आहे. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांना थोडं सांगतो. मी गोव्यातल्या माशेलचा. एकोणिसाव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला, चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं थकली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं, शहाळं बंद, केळं बंद, आणि डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे धमनीला शीर जोडून तयार केलेली जाड वाट. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर दाब येऊ द्यायचा नाही. आता घुमट, म्हणजे एका तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं, वाजवणाऱ्याला विचारा डावा हात म्हणजे काय ते. उजव्याने कातड्यावर थाप मारता येते कुणालाही. मडक्याचं मागचं तोंड डाव्या तळव्याने झाकायचं, सोडायचं, अर्धंच झाकायचं, घुमटाचं घुमणं सगळं तिथे असतं. तीस चवथी, म्हणजे तीस गणेशचतुर्थ्या, मी आमच्या आरती पथकात तेच केलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तू माझं बोट धरून फिस्टुलावर ठेवलंस. "काका, थ्रिल लागतो का बघा. रोज सकाळी उठल्यावर बघायचा." कातडीखाली रक्त थरथरत होतं, तोच थ्रिल. मग स्टेथोस्कोपचं टोक हातावर ठेवून नळ्या माझ्या कानात घातल्यास. घूंऽऽ, घूंऽऽ. मी म्हटलं, अरे, हा तर तोंड अर्धं झाकलेल्या घुमटाचा आवाज. तू हसला नाहीस. नळ्या स्वतःच्या कानात घातल्यास, डोळे मिटलेस आणि बराच वेळ ऐकत राहिलास. शेजारच्या यंत्राचा अलार्म वाजला तेव्हा उठलास. हात गेला, वाद्य गेलं, या दुःखात मी कित्येक महिने होतो. त्या दिवशी ते वाद्य माझ्याच हातात वाजताना तू मला ऐकवलंस.

त्यानंतरच्या खेपेला विचारलंस, "काका, रॅप ऐकता?" मी ऐकत नव्हतो. ती बडबड वाटायची. तू सुई टोचता टोचता त्याची सुरुवात सांगू लागलास, की १९७३च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या लावल्या. गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, तेवढाच तुकडा तो लांबवत राहिला, कारण लोक नाचायचे ते त्याच तुकड्यावर. हे मला चटकन कळलं. आरतीतही दोन कडव्यांमध्ये गाणारे थांबतात आणि घुमट नि त्याच्या साथीचं तालवाद्य शामेळ, एवढेच बोलतात, तेव्हाच तर ओसरीवरची पोरं आत धावतात.

मग तू तुझा टॅबलेट आणलास आणि त्यावर तो माहितीपट. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या हिप-हॉप गटावरचा, मायकल रॅपापोर्ट या नटाने २०११ साली केलेला. मी पाच मिनिटांत कानातून इयरफोन काढला. त्या पोरांचं इंग्रजी माझ्या हाती लागत नव्हतं. तू काही बोलला नाहीस. पुढच्या गुरुवारी निळी वही घेऊन आलास.

ती वही आता समोर आहे. बॉलपेनने, मिनिटं घालून, तू सबंध चित्रपट मराठीत उतरवलास. दीड तासाहून जास्त! रात्रपाळी करून, खोलीवर जाऊन, कधी लिहिलंस हे? "मि. ९: हा क्यू-टिप. घरच्या जुन्या जॅझ तबकड्यांतून तुकडे शोधणारा." "हा फाइफ, बुटका, जोरकस. दोघे लहानपणापासूनचे मित्र." "अली शहीद मुहम्मद, ताल सांभाळणारा. जरोबी मध्येच स्वयंपाक शिकायला गेला." आणि समासात, वेगळ्या शाईने: "काका, इथे तो हसतोय, पण दुखावलाय. डोळे बघा." मी चार खेपांत तो चित्रपट पाहिला, वही छातीवर उघडी ठेवून, उजव्या हाताने पानं उलटत.

१९९१च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये रॉन कार्टर हे जॅझचे नामांकित बास वादक स्वतः येऊन वाजवून गेले, हे वाचून मला फार बरं वाटलं. पोरांनी जुन्या माणसाचा सूर उचलला आणि जुना माणूस पोरांच्या अंगणात आला. एक मात्र तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. चित्रपट क्यू-टिप आणि फाइफच्या भांडणात जरा जास्तच रेंगाळतो. एखादा ताल ते कसा बांधतात, बोटं कुठे जातात, हे मला आणखी बघायचं होतं.

पण भांडणही माझंच निघालं. फाइफला मधुमेह. साखरेचं आपल्याला व्यसन आहे असं तो कॅमेऱ्यासमोर कबूल करतो, आणि गाण्यात स्वतःच्या आजाराचं यमक जुळवून तोऱ्याने म्हणतो. १९९८ साली गट फुटला. २००८ साली दौऱ्यावर पुन्हा एकत्र आले ते रंगमंचामागे एकमेकांवर तुटून पडले. त्याच वर्षी फाइफच्या बायकोने त्याला आपलं मूत्रपिंड दिलं. तिथे तू वहीत काहीच लिहिलं नव्हतंस, फक्त "मि. ..." आणि पुढे मोकळी ओळ. बरं केलंस.

आमच्या पथकाचा गाणारा माझा शाळेपासूनचा मित्र. एका स्पर्धेत ऐन आरतीत माझी साखर उतरली, मी घुमटासकट खाली बसलो. तो चारचौघांत ओरडला, "सकाळपासून खाल्लंस का काही? असं करायचं असेल तर घरी बस!" मला अपमान वाटला. पथकाचे दोन तुकडे झाले आणि सात वर्षं आम्ही एकमेकांच्या दारावरून मान वळवून गेलो. क्यू-टिपला फाइफवर चिडताना पाहिलं तेव्हा मला त्या चिडण्यातली भीती दिसली. माझ्या मित्राचा त्या दिवशीचा चेहरा मी सात वर्षांनी पुन्हा पाहिला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. चित्रपट संपला, मी इयरफोन काढले आणि विचारलं, "आता कसा आहे रे तो? नवं मूत्रपिंड चाललं ना?"

तू म्हणू शकला असतास, बरा आहे काका. दुसऱ्या कुणीही तेच म्हटलं असतं. माझ्या दोन्ही सुया अजून हातात होत्या. तू स्टूल ओढून बसलास आणि म्हणालास, "नाही काका. गेला तो. २२ मार्च २०१६. मधुमेहानेच. पंचेचाळीस वर्षांचा होता."

त्या महिन्यात मला पंचेचाळीस पूर्ण झाली होती. कागद तूच भरायचास, तुला माहीत होतं.

तुझी पाळी संपली होती तरी तू उठला नाहीस. पुढचं सांगितलंस. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये ते टीव्हीवर एकत्र गायले, आणि इतक्या वर्षांचं सगळं बाजूला सारून नव्या अल्बमला लागले. फाइफ कॅलिफोर्नियाहून न्यू जर्सीला जाऊन क्यू-टिपच्या घरी रेकॉर्ड करायचा. काम पुरं व्हायच्या आत तो गेला. २०१६च्याच नोव्हेंबरमध्ये अल्बम आला, त्याचा आवाज घेऊन, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. क्वीन्समध्ये ते लहानपणी वावरायचे तिथल्या रस्त्याला आता फाइफचं नाव आहे. मग हळूच म्हणालास, "काही महिने मिळाले त्यांना, काका." आणि पट्टी दाबून धरलीस, रक्त थांबेपर्यंत.

मी रात्री मित्राला फोन केला. सात वर्षांनी त्याचा पहिला शब्द, "शुगर किती?" शनिवारी तो युनिटच्या दाराशी आला. तू त्याला आत घेतलंस, चपला बदलायला लावल्यास, तेच स्टूल दिलंस, आणि त्याचं बोट धरून माझ्या हातावर ठेवलंस. त्याने ऐकलं आणि मला म्हणाला, "अरे, हा लयीत आहे." तेव्हा तू पाठ फिरवून यंत्राचे आकडे लिहीत होतास. आमचे दोघांचे डोळे तू पाहू नयेत म्हणून फिरलास, हे मला कळलं होतं बाब.

यंदाच्या चवथीला मित्र आमच्या माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, उभा राहून गायला. घुमट त्याच्या मुलाने वाजवलं. मी शेजारी खुर्चीत, डावा हात मांडीवर, आणि दर कडव्याला त्या पोराला बोटाने खुणावत होतो, सोड, झाक, अर्धं झाक. तिसऱ्या आरतीला त्याला ते सापडलं.

तुझ्या वहीची शेवटची पाच पानं कोरी होती. त्यांवर मी आमच्या आरत्या उतरवल्या आहेत, तुझ्याच पद्धतीने मिनिटं घालून, कुठे गाणारा थांबतो, कुठे शामेळ शिरतं, कुठे घुमट एकटं राहतं. समासात दोन ठिकाणी तुझ्यासाठी काही लिहिलंय. पुढच्या चवथीला रजा काढ. माशेलच्या बाजारात बस थांबते, तिथे आम्ही दोघे उभे असू.

तुझा,
तीन नंबरच्या खाटेवरचा काका